पानेकाका

आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपात नवीन आलेल्या माणसाला वाटतं, पानेकाकांना पानाचा शौक असणार. मग खडकवासल्याच्या अलीकडे कुणाची तरी हवा जाते, काका सीटखालची पिशवी सोडतात, रस्त्याकडेला पंचा अंथरतात आणि त्यावर एकेक जिन्नस मांडू लागतात. चार, पाच, सहाच्या ॲलन की. प्लास्टिकचे तीन लिव्हर. चेन तोडायचं यंत्र. नऊ, दहा आणि अकरा गिअरच्या चेनचे वेगवेगळे जोड, औषधाच्या डबीत. सोल्यूशन, पॉलिश पेपर, निम्मा कापलेला टूथब्रश. सत्यनारायणाची तयारीसुद्धा इतकी नीट नसते.

काका बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत चुका शोधल्या, आता चाकांत शोधतात. पहाटे साडेपाचला स्वारगेटला जमलो की नमस्कार-चमत्कार नाही. आधी अंगठ्याने टायर दाबणार. सायकल चालवणं हा त्यांच्या लेखी दोन पंक्चरांच्या मधला प्रवास. ज्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत कुणाचंच काही बिघडत नाही, त्या रविवारी काका पिठलं-भाकरी निम्मी टाकून उठतात.

पण हात कसबी आहे, हे मान्य केलंच पाहिजे. "आधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर घ्या, मग मागचं चाक काढा," इथून पाठ सुरू होतो. आमच्या सगळ्यांच्या टायरवरचं कंपनीचं नाव त्यांनी बरोबर व्हॉल्व्हसमोर आणून बसवलेलं आहे. ही हौस नव्हे. ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती वितींवर आहे ते बघायचं, तितक्याच वितींवर टायरमध्ये आरोपी सापडतो. परवा माझ्या टायरच्या आतून त्यांनी बोट फिरवलं, डोळे मिटले, श्वास रोखला आणि चिमट्याने केसाएवढी तार ओढून काढली. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली. "ही राहिली असती तर नवी ट्यूब डोणजे फाट्याला गेली असती," असं म्हणून ती तार त्यांनी मला घरी न्यायला दिली. पित्ताशयातला खडा देतात तशी, बाटलीत घालून.

हे सगळं चालू असताना वीस पावलांवर पंक्चरवाल्याची टपरी असते. त्याचा पोरगा पाण्याचं घमेलं घेऊन केव्हाचा उभा असतो. काका त्याला जवळ येऊ देत नाहीत. कारण क्रिस्तोफ.

अझेन क्रिस्तोफ हे काकांचं कुलदैवत. 1913 च्या टूर द फ्रान्समध्ये तूरमाले घाटाच्या उतारावर त्याचा पुढचा फोर्क मोडला. गडी सायकल खांद्यावर मारून दहाबारा किलोमीटर चालत खालच्या गावात गेला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही, असा नियम होता. पण एका पोराने भाता हलवला, म्हणून परीक्षकांनी दहा मिनिटांचा दंड ठोकला! ही गोष्ट मी आजवर एकवीस वेळा ऐकली आहे, म्हणजे ग्रुपची एकवीस पंक्चरं. दर वेळी घाट थोडा चढतो आणि भाता हलवणारं पोर थोडं लहान होतं.

त्यामुळे पंप काकाच मारणार. विताएवढा हातपंप, दोनशे-अडीचशे दट्टे. ऐंशीच्या सुमाराला आवाज जातो, दीडशेला चष्म्यावर घाम. पोरगा बिचारा म्हणतो, "काका, कॉम्प्रेसर हाय की." काका धापा टाकत सांगतात, "या बारीक व्हॉल्व्हला तुझी नळी बसायची नाही." बसते. त्यासाठी लागणारी पितळी टोपी काकांच्याच औषधाच्या डबीत आहे, मी पाहिली आहे.

एकदा आमच्यातल्या एका डॉक्टरांच्या टायरला कडेने चीर गेली. काकांनी खिशातून दहाची नोट काढली, घडी घालून चिरेच्या आतून लावली आणि डॉक्टर त्या नोटेवर पुण्यापर्यंत आले. पुढच्या रविवारी काकांनी ते दहा रुपये मागून घेतले. हिशेब म्हणजे हिशेब.

खरी भीती पंक्चर न होण्याची. मग काकांचे हात शिवशिवतात आणि ते धडधाकट सायकलींकडे वळतात. "तुझी चेन जरा बोलतेय," म्हणत त्यांनी एकदा माझ्या मागच्या गिअरचा स्क्रू अर्धा पीळ फिरवला, मग पाव पीळ उलटा, मग पुन्हा अर्धा. तेव्हापासून माझा गिअर स्वतःच्या मर्जीने बदलतो. चढाला जड होतो, उताराला हलका, आणि सिग्नलला चेन उतरते. दुकानदाराने विचारलं, "कुणी हात लावला होता?" मी नाव सांगितलं नाही. उद्या तार त्यांनाच काढायची आहे.

गेल्या रविवारी बारा जण गेलो. एक काटा नाही, चेन उतरली नाही, ब्रेकसुद्धा कुणाचा घासला नाही. परतताना धरणावर कणसं खात बसलो होतो. काका सायकलींच्या रांगेवरून पाठीमागे हात बांधून फिरत होते. माझ्या सायकलीपाशी थांबले, वाकले, अंगठा टेकवला.

"हवा जरा जास्तच वाटतेय रे," म्हणाले आणि पंचा अंथरायला लागले.