रेडिओला फोटो मागता येत नाही

जिल्हा परिषद शाळेतल्या एखाद्या गुरुजींचा मोबाइल दुपारी साडेबाराला मागून पाहा. देणार नाहीत. दिलाच, तर व्हॉट्सॲपवर दोन जातींचे ग्रुप दिसतील. पहिल्यात 'अतितात्काळ', 'आज दोनपर्यंत', 'लिंक भरून स्क्रीनशॉट टाकावा', 'माहिती नसल्यास निरंक कळवावे'. खाली ओळीने 'निरंक', 'निरंक', 'ओके सर' आणि जोडलेल्या हातांची माळ. दुसऱ्यात कुणीतरी विचारलेले असते, 'दुसरीच्या पोरांना हातच्याची वजाबाकी कळत नाही, काय करू?' आणि रात्री साडेदहाला चौघे उत्तर देत असतात. एक काड्यांचे गठ्ठे बांधायला सांगतो, एक खोट्या नोटांचे दुकान मांडायला, एक बाई स्वतः केलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवतात. पहिला ग्रुप कार्यालयाचा. दुसरा कुणाचाच नाही, म्हणून तो चालतो.

शिक्षकांनी तंत्रज्ञान कसे वापरावे यावर कार्यशाळांना तोटा नाही. प्रश्नच उलटा आहे. शिक्षकांनी ते कधीच वापरायला घेतले. नंतर ते साहेबांच्या लक्षात आले, आणि तिथे घोळ झाला.

२२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द राज्यभर फिरला. पण शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यावर संदीप गुंड यांनी स्वस्तातली डिजिटल शाळा उभी केली, ती कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहून नव्हे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या शाळांत ज्ञानरचनावाद रुजला, तो बघायला गावोगावचे शिक्षक गेले. तिथल्या वर्गांचे फोटो ग्रुपांवर आले आणि बघता बघता वर्गांच्या फरशा आकड्या-अक्षरांनी रंगल्या. (काही ठिकाणी फक्त फरशीच शिकली, हेही खरे.) माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला क्यूआर कोड चिकटवला, पुढे तो बालभारतीच्या पुस्तकांत छापून आला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पुढे २०२२ मध्ये त्यांची फुलब्राइटची रजा अशी वादात अडकली की शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावे लागले. जगाने दिलेले बक्षीस जिल्ह्याने रजेच्या अर्जात मोजले.

कार्यालयाला मोबाइलचा शोध लागला तो मात्र कॅमेऱ्याच्या बाजूने. नोव्हेंबर २०१६ मध्ये फर्मान निघाले: जानेवारीपासून दर सोमवारी गुरुजींनी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून 'सरल' या शासकीय पोर्टलवर चढवावा, म्हणजे गळती थांबेल. गळती थांबवायला सेल्फी! मूल ऊसतोडीला किंवा द्राक्षबागेवर गेले, तर ते फोटोत नसणार, हे कळायला कॅमेरा कशाला हवा? शिक्षकांनी ओरड केली, प्रकरण बारगळले. पण कल्पना मरत नाहीत, ॲप बदलतात. डिसेंबर २०२३ पासून हजेरीसाठी स्विफ्टचॅटचा बॉट आला. हजेरीपट कागदावर होताच, तो आता बॉटलाही सांगायचा. मुलगा 'हजर' म्हणतो ते एकदाच. गुरुजी तेच दोनदा म्हणतात.

याचा परिणाम असा की सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षकांनी संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या) निर्णयाविरुद्ध आंदोलन पुकारले, तेव्हा त्यांचे एक हत्यार होते शासकीय व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडणे. पूर्वी संपात शाळा बंद व्हायची. आता ग्रुप सोडला की शासन हादरते आणि शाळा मात्र बरी चालते. यातला धडा कोणी फारसा मनावर घेतला नाही.

आता नाशिकचे बघा. टाळेबंदीत जून २०२० मध्ये राज्यभर 'शाळा बंद, शिक्षण सुरू'चा गजर चालू होता. शिक्षण सुरू होते कुठे, तर बापाच्या मोबाइलमध्ये, आणि बाप दिवसभर शेतात किंवा बाजार समितीत. तेव्हा इथल्या रेडिओ विश्वास या ९०.८ मेगाहर्ट्झच्या सामुदायिक केंद्राने 'शिक्षण सर्वांसाठी' नावाचे पाठ सुरू केले, तिसरी ते दहावीसाठी. पाठ रेकॉर्ड केले जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांच्या सुमारे दीडशे शिक्षकांनी, आपापल्या विषयांचे, आपल्याच आवाजात. पन्नास-साठ हजार मुलांपर्यंत ते पोचले. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत त्याची दखलही घेतली गेली.

रेडिओ! जिओचा रिचार्ज नाही, ओटीपी नाही, 'तुमचा आवाज येत नाहीये मॅडम' नाही. दीडशे शिक्षकांचे पाठ एकमेकांनाही ऐकता येणे, हा भाग तर मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे शिक्षक शेजारच्या वर्गात काय शिकवतो हे भिंतीलाही माहीत नसते. रेकॉर्डिंग करताना गणिताच्या बाईंना 'काढा आणि बघा' म्हणता येत नाही, फळा नसतो. भागाकार बोलून समजावायचा असतो. ज्याने तो एकदा बोलून समजावला, त्याचा पुढचा फळाही सुधारतो.

मर्यादाही होत्याच. सामुदायिक केंद्राचा आवाका शहराभोवतीचा. पेठ, सुरगाण्याच्या डोंगरात ते लागणार नाही. तिथे मोबाइलला रेंज मिळवायला गुरुजी अजूनही टेकडी चढतात. पण रेकॉर्ड केलेला पाठ मेमरी कार्डावर भरता येतो, ब्लूटूथने फिरतो, सिमकार्ड नसलेल्या फोनमध्येही वाजतो. हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जाणाऱ्या सुरगाण्याच्या कुटुंबांबरोबर त्यांची पोरेही जातात. त्यांच्या गुरुजींचा आवाज बापाच्या खिशातून तिथवर जाऊ शकतो. हे कुठल्याही स्मार्ट बोर्डाला जमणार नाही, कारण स्मार्ट बोर्ड शाळेतल्या कपाटात कुलपात असतो. त्याचे उद्घाटन नारळ फोडून झालेले असते आणि चोरीला गेला तर भरपाई कोण देणार, म्हणून किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. वर विजेचे बिल. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला 'समग्र शिक्षा' योजनेतून वर्षाला दहा हजारांचे संयुक्त अनुदान; खडू, झाडू, दुरुस्ती आणि वीजबिल त्यातच. डिजिटल शाळेचे मीटर कापायला वायरमन येतो तेव्हा तोही गुरुजींचा जुना विद्यार्थीच निघतो, आणि खाली मान घालून कापतो.

नाशिकला दूरशिक्षण नवे नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे, गंगापूर धरणाजवळचे, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. नोकरीतल्या कितीतरी शिक्षकांनी तिथूनच बी.एड. केले. दूर बसलेल्या माणसाला पुस्तक, आवाज आणि महिन्यातून एखादे संपर्क सत्र एवढ्यावर शिकवता येते, हे त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले या शहरात सांगून गेले. आम्ही गंगा घरोघरी नेण्याऐवजी प्रत्येक घरातून बादली भरून कार्यालयात आणायला लागलो.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. नवे ॲप आले की एवढेच बघावे की वाहतूक कुठल्या दिशेला आहे: मुलाकडे की साहेबाकडे. हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ मुलाकडे जातो. 'एक पेड माँ के नाम'चा फोटो, तिरंग्याचा फोटो, प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, प्रमाणपत्र अपलोड केल्याचा स्क्रीनशॉट, हे सगळे वर जाते. तिकडून परत फक्त 'आपल्या केंद्राचे काम ८२ टक्के आहे, खेदजनक' असा मजकूर येतो.

रेडिओ आमच्या खात्याला मनापासून आवडला नसावा. त्याच्यातला दोषच तसा आहे: तो बोलतो, पण त्याला फोटो मागता येत नाही. पोरगे ऐकत होते याचा पुरावा काय, हा प्रश्न विचारायला त्यात जागा नाही; पुढच्या सोमवारी वर्गात विचारूनच बघावे लागते.

तेव्हा एक नम्र सूचना. साहेबांनी आपली 'अतितात्काळ' परिपत्रके यापुढे ९०.८ वरच वाचून दाखवावीत, रोज सकाळी, दहाच्या आत. ज्यांनी ऐकली ते अंमलात आणतील. ज्यांनी नाही ऐकली, त्यांचा अहवाल निरंक.