खरकट्याची मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. ज्याचं जे दुखणं असेल ते तिच्या माथी मारायचं, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडायचं आणि गावाबाहेर नेऊन तिला जाळायचं. रोगराई गेली, महागाई गेली, आपण घरी येऊन जेवायला मोकळे.

ही युक्ती आम्हाला इतकी मानवली, की आम्ही ती बारमाही करून टाकली. आमची रोजची मारबत चार चाकांची आहे. ती भोंग्यावर गाणं वाजवत दारात येते, कालची शिळी भाजी, संत्र्याची सालं आणि सावजी रश्श्यातली हाडं एकाच पिशवीत घेते आणि पूर्व नागपुरात भांडेवाडीला जाते. जळण्याचीही सोय तिथे आहेच. उन्हाळ्यात तो ढीग आपला आपण पेटतो. भांडेवाडीकरांनी ‘घेऊन जा गे’ कोणाला म्हणावं, हे मात्र अजून ठरलेलं नाही. मारबत तिथून पुढे जातच नाही.

ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करा, असं २०१६ च्या नियमांनी बजावलं. आमच्या सोसायटीने हे फार मनावर घेतलं, म्हणजे बैठक बोलावली. थर्माकोलच्या प्लेटांत समोसे खाऊन खताचा ड्रम आणण्याचा ठराव एकमताने पास झाला. ड्रम ठेवायचा कुठे, यावर एकमत फुटलं. ‘ए’ विंगने ‘बी’कडे बोट दाखवलं, ‘बी’ने गच्चीकडे, गच्चीखालच्यांनी पार्किंगकडे. शेवटी ड्रम चौकीदाराच्या खाटेशेजारी विसावला. चौकीदार बैठकीला नव्हता.

उद्घाटनाला नारळ फोडला आणि करवंट्या ड्रममध्येच टाकल्या. मागोमाग दुधाच्या पिशव्या आल्या. खरकट्याहून जास्त सुका पाला टाकायचा असतो, पण आमच्या कडुनिंबाचा पाला आम्ही रोज सकाळी झाडून पेटवतो, स्वच्छतेची आवड! हवा नाही, पाला नाही, म्हणून खरकटं कुजलं नाही, सडलं. या दोन शब्दांत काय फरक आहे, तो आमच्या नाकांनी आठवडाभरात शिकून घेतला. अळ्यांचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरले. पुढे मे महिना आला, पारा पंचेचाळिसाला टेकला आणि उरलंसुरलं ड्रमात पापडासारखं वाळलं.

अपयशावर आमच्याकडे एकच उतारा असतो, अभ्यासदौरा. सचिव आणि खजिनदार इंदूरला गेले. तिथे अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रजाने शंभर वर्षांपूर्वी शेण, पाला आणि केराचे थर रचून खताची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. जग तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतं. हा साहेब आपल्याकडच्या शेतकऱ्यांना गुरू मानायचा. आमचे दोघे मात्र कोणालाच गुरू न करता परतले. इंदूरचे पोहे आपल्या तर्री-पोह्यांपुढे फिके, एवढा निष्कर्ष त्यांनी इतिवृत्तात नोंदवला.

इकडे चौकीदाराच्या बायकोने फुटका माठ घेतला. तळाशी पाला, वर आमचंच खरकटं, त्यावर मूठभर शेणमाती, पुन्हा पाला. आठवड्यातून एकदा काडीने सगळं वर-खाली करायचं. मुठीत दाबलं तर थेंबभर पाणी सुटावं, इतपतच ओल. दोन-अडीच महिन्यांत चहापत्तीसारखं काळं, भुसभुशीत खत! वास पहिल्या पावसाच्या मातीचा. शेजारी वांगी लगडली, तेव्हा कुठे सचिवांची नजर गेली.

“हे कंपोस्टिंग कुठे शिकलात बाई?”

“कंपोष्ट-बिंपोष्ट नाही समजत मले. आमच्या गावाकडं याले उकंडा म्हणतेत.”

उकिरड्याचाही पांग बारा वर्षांनी फिटतो म्हणतात. हा अडीच महिन्यांतच फिटला. तातडीची बैठक झाली. बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस फ्लॅटच्या चाळीस बादल्या तिच्या दारात. “बाई, एवढं आमचंही घेऊन जा.” आम्हाला कायमची मारबत सापडली होती.

तिने बादल्यांकडे पाहिलं. “एका माठात चाळीस घरं कशी मावतीन, साहेब? आपापल्या दाराशी एकेक माठ ठेवा. मी शिकवतो.”

“दाराशी?” सचिव दचकले. “अहो, वास येईल ना!”