पाच मिनिटांचा पराक्रम

हल्ली बऱ्याच शाळांत लघुपटांची स्पर्धा असते आणि विषय ‘आमचे आदर्श’ नाहीतर ‘यशोगाथा’ असा भारदस्त असतो. मर्यादा पाच मिनिटांची. तेवढ्यात नायकाने जन्मायचं, गरिबी सोसायची, कष्ट करायचे, जिंकायचं आणि शेवटी मुख्याध्यापकांचे आभारही मानायचे. त्यामुळे कष्टांच्या वाट्याला फार तर वीस सेकंद येतात. नायक दोरीवरच्या उड्या मारतो, कपाळावर इस्त्रीवाल्या बाटलीतून घाम फवारला जातो, ढोल वाजतात, की झाला गडी ऑलिंपिकला तयार.

अशा स्पर्धांना मला परीक्षक म्हणून बोलावतात. सिनेमातलं मला फारसं कळत नाही, पण पोहे बरे असतात. तिथे बसून एक गोष्ट मात्र ध्यानात आली आहे. नायक व्हायला मुलं मनापासून तयार नसतात. नायकाला सारखं सोसावं लागतं आणि उरलेला वेळ क्षितिजाकडे बघावं लागतं. मजा सगळी आजूबाजूच्यांची.

सावित्रीबाईंवरच्या एका लघुपटात शेण फेकणारे व्हायला अर्धा वर्ग हात वर करून उभा होता म्हणे. १८४८मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा वाटेत अंगावर शेण-चिखल येई म्हणून सावित्रीबाई जास्तीची साडी जवळ ठेवत. आमच्या छोट्या सावित्रीबाईंकडे जास्तीची नव्हती, आणि होती ती आईच्या ठेवणीतली. डाग पडला तर घरी येऊ नकोस, अशी ताकीद मिळालेली. मग नेम चुकवण्याच्या तालमी झाल्या. पडद्यावर गोळे भिंतीवर बसले, जास्वंदीवर बसले, एक तर थेट मोबाइल धरणाऱ्याच्या चष्म्यावर बसला. पुण्यातले सनातनी नेमाला इतके कच्चे असते, तर बाईंच्या पिशवीला तेवढंच कमी ओझं झालं असतं.

घरची माणसं आणि घरचंच सामान ही रीत तशी जुनीच. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये दादासाहेब फाळक्यांनी रोहिदास म्हणून आपल्याच मुलाला, भालचंद्राला उभं केलं, १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. तारामतीसाठी मात्र बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसावं लागलं. आता काळ बदलला. खाशाबा जाधवांवरच्या लघुपटाची दिग्दर्शक सातवीतली मुलगी होती आणि तिच्यापुढे तालमीतले पैलवानही चूप.

खाशाबा म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२मध्ये हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं; स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मुलांचं हेलसिंकी शाळेच्या सभागृहात होतं. परदेश दिसावा म्हणून खिडक्यांच्या कडांना कापसाचा बर्फ लावला होता. ते ऑलिंपिक ऐन जुलैत झालं, हे मी सांगितलं नाही. कापूस फार निगुतीने चिकटवला होता.

पण खरी करामत पुढे होती. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. मुलांना गाडी मिळाली एक. तीच त्यांनी मोबाइलसमोरून नेली, शाळेमागून वळवून आणली आणि पुन्हा नेली. गाडीवान दर खेपेला टोपी बदलायचा. बैलांना टोप्या नव्हत्या, त्यामुळे शिंग मोडलेला एक पांढरा बैल मिरवणुकीत सतत भेटत राहिला. दर वेळी प्रेक्षक त्याला टाळ्या देत होते. खाशाबांच्या वाट्याला इतक्या आल्या नाहीत.

लघुपट संपल्यावर एक किडकिडीत मुलगा तणतणत माझ्याकडे आला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांची भूमिका त्याच्याकडे होती. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले होते. पोराने गहाणखतावरची सही आठवडाभर गिरवली होती आणि ऐन वेळी तो सगळा प्रसंग कापला गेला.

“सर, तुम्हीच सांगा,” तो म्हणाला, “मी घर गहाण टाकलं नसतं तर हा हेलसिंकीला गेला असता का?”

मी दिग्दर्शक बाईंकडे बघितलं.

“पाच मिनिटंच होती ना सर,” ती म्हणाली. “आणि बैल चांगले दिसत होते.”