दुसरी मेणबत्ती

२८ फेब्रुवारी जवळ आला की इंझोरीत माझा भाव वाढतो. सोयाबीनचा वाढत नाही, माझा वाढतो. विज्ञान दिनाला कुणीतरी ‘प्रयोगवाले सर’ लागतात आणि मी पिशवी भरून बसलेलाच असतो. १९२८ साली याच दिवशी रामन यांना आपला शोध लागला. माझ्या भाषणात त्यांना दीड मिनिट मिळतं, बाकी वेळ माझा.

सुरुवात पाण्यानं भरून उलटा धरलेल्या ग्लासानं. झाकायला लग्नपत्रिका, गावात त्यांना तोटा नाही. पत्रिका खाली पडत नाही, पोरं श्वास रोखतात, आणि मी जरा जास्तच वेळ हात वर ठेवतो. आत पाणी पाव किलो, खालून हवेचा रेटा सुमारे ३८ किलोचा. काम सगळं हवेचं, टाळ्या माझ्या.

वक्रनलिकेपाशी मात्र पंचाईत होते. मी गंभीर चेहऱ्यानं नळी काढली, तर मागून आवाज आला, “सर, हे त आमचे बाबा डिझेल काढाले करतात!” तोंडात डिझेल जाऊ नये म्हणून नळी कुठवर ओढायची, हेही त्यानं सांगितलं. माझ्या भाषणात ते नव्हतं.

माझा खरा जीव मेणबत्तीवर. ताटलीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं. हवेत एक पंचमांश ऑक्सिजन, तो संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली, असं पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतलं गेलंय. सातवीतली एक पोरगी म्हणाली, “सर, दोन लावल्या त पाणी जास्त चढन का?”

लावल्या. जास्त चढलं. तिसरी तिनं माझ्या हातातून घेऊन स्वतःच लावली, आणखी चढलं. आता हवेतला ऑक्सिजन काही मेणबत्त्या मोजून वाढत नाही! शिवाय पाणी झपकन चढतं ते ज्योत विझल्यावर. ग्लास ठेवताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी काठाखालून बुडबुड्यांनी निसटते. ज्योत गेली की उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. ऑक्सिजन तर संपतही नाही. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की मेणबत्ती मान टाकते. सगळी पोरं ताटलीवर वाकली होती. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. थोडं लागलं, खरं सांगतो.

आणि राग आला तो कपाटांचा. कित्येक शाळांत परीक्षानळ्या कुलपात असतात, कारण फुटली तर डेड स्टॉक रजिस्टरला उत्तर द्यावं लागतं. पोरांच्या वाट्याला येते ती प्रयोगवहीतली सुबक आकृती. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांत पोरांच्या हाती प्रयोग देऊन सुरुवात झाली, काम शेकडो शाळांत पसरलं, आणि २००२ मध्ये सरकारनं ते गुंडाळलं. त्याच कामात असलेल्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमिती पोरांच्या बोटांत आणली. काड्यांची नोंद डेड स्टॉकात होत नाही, म्हणून बहुधा त्या वाचल्या.

आता मी मेणबत्त्या तीन नेतो, एकच पेटवतो आणि गप्प उभा राहतो. कुणी विचारलंच नाही, तर पहिल्या बाकावरच्या एखाद्याला डोळ्यानं खुणावतो.