श्रीमंत धरसोडराव यांस खुले पत्र

श्रीमंत धरसोडराव, मुक्काम मंत्रालय व दिल्ली, यांसी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तळेगाव एमआयडीसीतल्या आमच्या छोट्याशा कारखान्याच्या छपरावर आपली अखंड कृपादृष्टी असते, त्याबद्दल आधी आभार मानतो. 31 डिसेंबर 2020 रोजी आपण फर्मावलंत की नेट मीटरिंग, म्हणजे छपरावरची जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेणं, फक्त 10 किलोवॅटपर्यंत. जून 2021 मध्ये तीच मर्यादा 500 किलोवॅट केलीत. उपकार झाले. मधल्या काळात सौरऊर्जेची कोटेशनं फायलीत पडून राहिली, एवढंच.

सौर पॅनलचीही आपल्याला केवढी काळजी! मंजूर यादीतलीच वापरा म्हणालात, 2023 मध्ये ती अट वर्षभर बासनात ठेवलीत, एप्रिल 2024 पासून पुन्हा लागू केलीत. देशी उद्योग उभा राहावा असं आम्हालाही मनापासून वाटतं. पण माल कुणाकडून घ्यायचा ते ठरेपर्यंत अट बदलते, त्याचं काय करावं?

2025 चे वीजदर हा तर आपल्या औदार्याचा कळस. नियामक आयोगाचा आदेश 28 मार्चला आला, 2 एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली, 25 जूनला नवा आदेश निघाला. आमच्याकडच्या तरुण इंजिनिअर मुलीने एक छान बेत आखला होता. हीट ट्रीटमेंटची भट्टी डिझेलवरून विजेवर आणायची, भर दुपारी छपरावरच्या विजेवर तापवायची आणि उरलेली वीज बॅटरीत साठवायची. सगळं गणित कुठल्या तासाला युनिट कितीला पडतं यावर. तिच्या तक्त्यातला तो रकाना खोडून खोडून कागद फाटायला आला. बँकेत साहेबांनी विचारलं, ‘‘पैसे किती वर्षांत सुटतील?’’ पोरगी हुशार आहे, पण याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आपल्याकडे होतं. भट्टी अजून डिझेलवरच धूर ओकते आहे.

गाड्यांवरही आपली माया आहेच. मार्च 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या ई-गाड्यांवर 6 टक्के कर सुचवलात, त्याच महिन्यात मागे घेतलात, आणि एप्रिलच्या अखेरीस आमच्या मावळातून जाणाऱ्या एक्स्प्रेस-वेवर ई-गाड्यांना टोलमाफीही मंजूर केलीत. आता सुटे भाग करणाऱ्यांनी डाय कशाची पाडावी, इंजिनाच्या भागाची की मोटरच्या? एकदा पाडली की ती वर्षानुवर्षं चालवावी लागते हो.

वर लोणावळ्याला वळवणचं धरण आहे. टाटांनी 1910 मध्ये वीज कंपनी काढली, घाटमाथ्यावरचा पाऊस अडवला आणि 1915 मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. त्या वेळी आपण लोणावळ्याला हवापालटासाठी आला नव्हता, हे आमचं थोर भाग्य.

मागणं फार नाही. अनुदान बंद करायचं तर खुशाल करा, दर वाढवायचे तर वाढवा. फक्त पुढच्या दहा वर्षांत कुठल्या वर्षी काय होणार ते आजच लिहून द्या आणि दिलेल्या सहीला जागा. बाकीचा तक्ता आम्ही भरून ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तळेगावचा एक लघुउद्योजक