बघण्यासारखं काही नाही

आमच्या पारनेर तालुक्यात पाहुणा आला की चहाच्या आधी पाणी मिळतं, पाण्याच्या आधी बसायला सतरंजी मिळते आणि या सगळ्याच्या आधी एक वाक्य मिळतं : "आमच्याकडं बघण्यासारखं काही नाही." हे आम्ही इतक्या अभिमानानं सांगतो की नवख्याला वाटावं, तेच इथलं प्रेक्षणीय स्थळ असेल. तालुका दुष्काळी. इथली माणसं बघतात ती फक्त आभाळाकडं, तेही जूनपासून.

मागच्या दिवाळीत बायकोचा मावसभाऊ पुण्याहून आला. डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी, गळ्यात कॅमेरा. आमच्या दादांना वाटलं, मोजणीवाला आला. त्यांनी त्याच्यासमोर थेट बांधाच्या केसची कागदं काढली. गैरसमज मिटल्यावर मेहुण्यानं विचारलं, "दाजी, निघोज इथून किती लांब?"

"यात्रेला ना? ती चैत्रात असते."

"यात्रा नाही हो, रांजणखळगे!"

"कुंड होय! त्यात काय बघायचंय? दगडं नुसती."

कुंडांबद्दलचं माझं ज्ञान आजीकडून आलेलं. ती सांगायची, सात बाजांची सुंभं एकाला एक बांधून सोडली तरी कुंडाचा तळ लागत नाही. "कुणी सोडून बघितली का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मग झोपायचं कशावर?" तिथं आमचं संशोधन थांबलं.

दुसऱ्या दिवशी निघालो. निघोज आणि टाकळी हाजी यांच्या मधून कुकडी वाहते. अलीकडं नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा, पलीकडं पुणे. काठावर मळगंगेचं देऊळ. लहानपणापासून यात्रेला मी तिथं येतोय, पण यात्रेत माणसाचं लक्ष देवी, रेवड्या आणि हरवलेली चप्पल यांच्यात वाटलेलं असतं. नदीचं पात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. काळ्या कातळाला कुणीतरी आतून कोरून काढावं तशी एकाशेजारी एक भोकं. काही वाटीएवढी, काही रांजणाएवढी, काहींत सरळ बैलगाडी उतरवावी.

मेहुणा समजावू लागला. पुराच्या पाण्याबरोबर दगडगोटे येतात. कातळात एखादी लहानशी खोलगट जागा सापडली की भोवऱ्यात अडकून तिथंच गरागरा फिरतात. फिरून फिरून कातळ घासतात, स्वतःही झिजतात. असं हजारो वर्षं चाललं की रांजण तयार होतो. मला हे लगेच पटलं. आमची बांधाची केस तीन पिढ्या एकाच फुटाभोवती फिरतेय. त्यात जमिनीला काही झालं नाही, पण दोन्ही घरांना चांगले खोल खळगे पडलेत.

एका कोरड्या खळग्याच्या तळाशी तीन गोटे निवांत बसले होते. वरवंट्यापेक्षा गुळगुळीत. एक उचलून मी खिशात घालायला गेलो.

"ठेवा दाजी. कामावर आहेत ते. पावसाळ्यात ड्यूटी सुरू होईल."

तिथून वडगाव दर्या. दर्याबाई-वेल्हाबाईचं ठिकाण. गुहेच्या छतातून थेंब थेंब पाणी झिरपतं, सोबत विरघळलेला चुना आणतं आणि जाताना तो तिथंच सोडून जातं. त्या चुन्याचे लोंबते दगड झालेत. खाली माकडं फार. मेहुण्यानं दुकानदाराला आधी विचारून खाऊ पिशवीत लपवला. मी पडलो घरचा, मी कशाला विचारतो? माकडानं माझा कुरमुऱ्यांचा पुडा इतक्या सहज घेतला, की मीच त्याच्याकडं पाहुणा आलोय असं वाटावं.

मग टाकळी ढोकेश्वर. कल्याण-नगर रस्त्यानं मी इथून शेकडो वेळा गेलो असेन. एसटी थांबली की खाली उतरायचं, वडा खायचा, परत चढायचं. गावाजवळच्या डोंगरात कोरलेलं लेणं आहे, त्याच्या गाभाऱ्याच्या दाराशी गंगा-यमुना उभ्या आहेत, हे मला मेहुण्यानं सांगितलं. भिंतीवर सप्तमातृका ओळीनं, हळदीकुंकवाला जमल्यासारख्या. शेकडो वर्षं त्या तिथं आहेत आणि मी समोरून तोंडात वडा घालून जातोय. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा बघायचा राहिला, कारण दिवस बुडाला. दिल्लीचं राजकारण हलवणाऱ्या माणसाचा वाडा; मला मात्र जामगाव म्हटलं की आमच्या सोयरिकीतलं एक मोडलेलं लग्नच आठवायचं.

रात्री मेहुण्यानं दादांना फोटो दाखवले. दादा चष्मा पुसून एकेक बघत होते. कुंडाच्या फोटोवर थांबले.

"बहात्तरच्या दुष्काळात आम्ही इथलं पाणी नेलंय. गाडीत टिपाड टाकून. सगळीकडं धूळ, पण ह्यात पाणी."

मी उडालोच. "दादा, हे कधी बोलला नाहीत!"

"तू कधी विचारलं?"

मेहुणा पुढं सरसावला. "मग दादा, तळ दिसला का तेव्हा?"

"टिपाड भरलं की बैलं वळवायची का तळ बघत बसायचं?"

मी गप्प बसलो. दादांनी कुंडं कॅमेऱ्यानं नाही, तहानेनं बघितली होती. ते बघणं प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत बसत नाही, म्हणून बहुधा आमच्याकडं बघण्यासारखं काही नसतं.

सकाळी मेहुणा निघाला. दादा ओट्यापर्यंत सोडायला आले आणि सवयीनं म्हणाले, "परत या पाव्हणं. बघण्यासारखं तसं काही नाही आमच्याकडं." मग जरा थांबले, बोटांवर काहीतरी मोजलं.

"फक्त तीन दिवस काढून या."