आंब्याची बाजू

पोराच्या गालावर मुरूम उगवला की कारण घरात तयारच असतं: काल खाल्लेला आंबा. आंब्याचा मोसम नसेल तर शेंगदाणे, आणि तेही नसतील तर ‘उष्णता’, जी आपल्याकडे बारमाही पिकते. खोट आहे ती ‘काल’ या शब्दात. केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक नळीत मेलेल्या पेशींचं बूच बसतं, मागे तेल तुंबतं, एरवी निमूट भाडेकरूसारखे राहणारे क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस हे जंतू त्यावर माजतात आणि शरीर त्यांच्या अंगावर धावून गेलं की गाल लाल होतो. याला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे आजच्या मुरुमाचा पाया घातला गेला तेव्हा कालचा आंबा झाडावर कैरी होऊन लटकत होता. (‘तोंड धुवत नाही’ हा आरोपही असाच, ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसून मुख्यतः मेलॅनिनचा असतो.)

मग एवढं तेल सोडायला सांगतं कोण? १९४१ साली जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं की ज्या पुरुषांच्या शरीरात पौरुषाचं संप्रेरक तयारच होत नव्हतं त्यांना ते बाहेरून दिल्यावर मुरूम येऊ लागले. आपल्या पूर्वजांनी तर कारण नावातच घालून ठेवलंय: तारुण्यपीटिका. आम्रपीटिका असं कुणी म्हटलेलं नाही. त्यातून त्वचेचा स्वभाव बराचसा आनुवंशिक, म्हणजे आंब्याची पेटी माळ्यावर चढवणारे वडीलच संशयितांच्या यादीत बरेच वर येतात.

‘म्हणजे खाण्याचा काहीच संबंध नाही?’ असं कुणी विचारेल, आणि ते रास्त आहे. १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांना, त्यांत काही कैदीही होते, भरपूर चॉकलेट खाऊ घालून चॉकलेटला निर्दोष ठरवलं गेलं. पण तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती. एका भावाला सोडायला दुसऱ्या जुळ्या भावाची साक्ष काढावी तसं ते झालं. पुढे २००७ साली ऑस्ट्रेलियात रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार १२ आठवडे घेतलेल्या तरुणांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. दुधाशीही संबंध दिसतो, पण तो अजून पक्का नाही. तेव्हा चौकशी करायचीच तर आमरसाच्या पातेल्याची करावी. त्यात आंब्याच्या आड वाटीभर साखर आणि पेलाभर दूध बसलेलं असतं, आणि ते तिथे घातलेलं असतं ‘आंबा बाधू नये म्हणून’.